बंद इंजिनाला विचारायचे तीन प्रश्न



सणसवाडीत येऊन इंजिनावर बोलायचं म्हणजे जरा धाडसच आहे. तुमच्या गावात जॉन डिअरचा ट्रॅक्टरचा कारखाना आहे. समोर बसलेल्यांपैकी कितीतरी जण उद्या सकाळच्या शिफ्टला जातील. पण माझ्या आजच्या विषयातलं इंजिन मुठीत मावतं. दोरीच्या टोकाला गोल फिरणाऱ्या छोट्या विमानाचं हे इंजिन. एक-दीड सीसी, दोन सीसी, फार तर दहा. असलं इंजिन बंद पडलं की माणसं ते कसं दुरुस्त करत आली, त्याचा इतिहास मला सांगायचा आहे.

इतिहास म्हटलं की आपण कोणी काय बनवलं ते सांगतो. बिघाड कोणी कसा शोधला, हे सहसा कुणी लिहीत नाही. आणि माझं म्हणणं असं आहे की खरी विद्या तिथंच साठलेली असते.

आता बघा, इंजिन कुठलंही असो, बंद पडलं की प्रश्न तीनच. इंधन पोचतंय का? दाब धरतोय का? पेट घेतोय का? पहिले दोन प्रश्न शंभर वर्षांत फारसे बदलले नाहीत. तिसऱ्याचं उत्तर मात्र छोट्या इंजिनांत दोनदा बदललं, आणि प्रत्येक वेळी दुरुस्ती करणाऱ्याला नव्यानं शिकावं लागलं.

पहिला काळ ठिणगीचा. अमेरिकेत विल्यम ब्राऊन या तरुणानं बनवलेलं ‘ब्राऊन ज्युनिअर’ हे दहा सीसीचं इंजिन १९३४ पासून विक्रीला आलं. त्याला मोटारीसारखाच स्पार्क प्लग होता. म्हणजे विमानात बॅटरी आली, कॉइल आली, कंडेन्सर आला, पॉइंट आले. विमान हलकं हवं, आणि हे सगळं ओझं त्याच्याच पोटात! बिघाडही बहुतेक तिथलेच. बॅटरी उतरली, पॉइंटवर काजळी धरली, वायर सैल झाली. त्या काळातला दुरुस्तीवाला अर्धा इलेक्ट्रिशियन होता.

दुसरा काळ डिझेलचा. १९४०च्या दशकाच्या सुरुवातीला स्वित्झर्लंडमध्ये ‘डायनो’ नावाचं छोटं इंजिन आलं. त्यात प्लगच नाही. हवा आणि इंधन इतकं दाबायचं की ते आपोआप पेटावं. युद्धानंतर ही पद्धत युरोपभर पसरली. इंग्लंडमध्ये १९४६ मध्ये ‘मिल्स’ आलं. आपल्याकडे पुढं कोलकात्यात ‘अरोरा’ इंजिनं बनू लागली, त्यांत मिल्सच्या धर्तीचं एक छोटं इंजिनही होतं. १९९१ पूर्वी आयातीवर कडक निर्बंध होते, परदेशी सुटा भाग मिळणं मुश्कील. त्यामुळं आहे ते इंजिन जगवणं हाच एक मार्ग होता.

या डिझेलचं इंधन म्हणजे ईथर, घासलेट आणि एरंडेल, साधारण सारख्या प्रमाणात. ईथर पेट घेतं, घासलेट ताकद देतं, एरंडेल वंगणाचं काम करतं. इथं माझी स्वतःची एक फजिती सांगतो. मी कॉलेजात एनसीसीच्या एअर विंगमध्ये होतो. एअर विंग १९५० मध्ये मुंबई आणि कोलकाता इथल्या दोन स्क्वाड्रनपासून सुरू झाली, आणि विमानांची मॉडेलं करणं हा तिच्या शिक्षणाचाच भाग. मे महिन्याच्या सुट्टीत मी एक इंजिन गावी घेऊन आलो. मळ्यात फळीवर बसवलं आणि पंखा फिरवत बसलो. सकाळपासून दुपार झाली, बोटं सोलली, इंजिन काही बोलेना. मी कॉम्प्रेशनचा स्क्रू आवळला, सैल केला, सुई उघडली, मिटली. सगळं एकदमच फिरवलं, त्यामुळं मूळ जागा कुठली होती तेही कळेना.

विहिरीवरचं ऑइल इंजिन बघायला एक मिस्त्री आले होते. असलं खेळण्याएवढं इंजिन त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं. पंखा बोटानं हळू फिरवला, म्हणाले, “दाब तर चांगला हाय.” मग इंधनाची बाटली उघडून हुंगली. “पोरा, याला नुसता घासलेटचा वास येतोय. अजून काय टाकलं व्हतंस?”

झालं होतं असं की बूच सैल होतं. ईथर पस्तीस अंशाच्या आतच उकळतं, आणि आपल्या शिरूर-दौंडकडचा मे महिना तुम्हाला सांगायला नको. ईथर केव्हाच उडून गेलं होतं. नवं इंधन कालवलं, स्क्रू बेतानं लावला, आणि पाचव्या फटक्याला इंजिन सुरू!

ही विद्या त्या मिस्त्रींकडं कुठून आली? लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी केली, नांगर केले, पंप केले. १९४६ मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी निघाली. साताऱ्यात कूपर यांचा कारखाना होता. ही इंजिनं आपल्या जिरायती पट्ट्यातल्या विहिरींवर बसली आणि त्यांच्यामागून गावोगाव मिस्त्री तयार झाले. पुस्तक इंग्रजीत, मिस्त्री मराठीत. म्हणून ज्ञान कानात, नाकात आणि हातात साठलं. इंजिननं एअर घेतली की आधी नळीतली हवा काढायची. धूर काळा की निळा ते बघायचं. आणि मुख्य म्हणजे, एका वेळी एकच गोष्ट बदलायची.

तोच क्रम छोट्या इंजिनाला जसाच्या तसा लागतो. इंजिन सुरू होऊन दोन सेकंदांत बंद पडतं? म्हणजे वरून टाकलेले थेंब जळाले, टाकीतून इंधन येत नाही. सुईत कचरा असेल, नाहीतर नळीला चीर. दाब लागत नाही? एक्झॉस्टच्या भोकात तेलाचे दोन थेंब सोडून फिरवा. दाब परत आला तर पिस्टन झिजलाय. आपल्या शेतातली बारीक धूळ हे त्याचं नेहमीचं कारण. पंखा मध्येच दगडासारखा अडतो? जोर लावू नका. आत इंधन साचलंय आणि द्रव दाबला जात नाही. कनेक्टिंग रॉड वाकेल. स्क्रू सैल करा, इंजिन उलटं धरा, निथळू द्या. आणि वर्षभर पडून राहिलेलं इंजिन पूर्ण जाम असेल, तर तो बहुतेक मोडलेला भाग नसतोच, एरंडेलाचा चिकटा असतो. थोडं गरम करा, घासलेटात भिजवा, वाट बघा. पकड लावलीत तर मात्र खरंच मोडेल.

तिसरा काळ थोडक्यात सांगतो. १९४७-४८च्या सुमारास अमेरिकेत रे आर्डन यांचा ग्लो प्लग बाजारात आला. प्लॅटिनमची बारीक तार सुरुवातीला दीड व्होल्टवर तापवायची, मग बॅटरी काढून घ्यायची. मिथेनॉलमुळं तार तापलेलीच राहते. बॅटरीचं ओझं गेलं, ईथर गेलं. पण मिथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. म्हणजे डिझेलवाल्यानं उन्हाळ्यात बाटली सांभाळायची, ग्लोवाल्यानं पावसाळ्यात. 

आता छोट्या विमानांतही बॅटरी आणि विजेची मोटर आली, विहिरीवर तर ती कधीच आली. वाईट झालं असं मी म्हणणार नाही. रात्री-अपरात्री हँडल मारताना ज्यांचे हात मोडले त्यांना विचारा. कारखान्यात संगणक बिघाडाचा नंबर दाखवतो, तेही चांगलंच. पण नंबर जागा दाखवतो, कारण दाखवतोच असं नाही. माझ्या त्या इंजिनात कुठलाच भाग बिघडलेला नव्हता. बिघाड बाटलीत होता. भाग बदलत बसलो असतो तर आख्खं इंजिन बदलूनही ते सुरू झालं नसतं.

ते मिस्त्री आज नाहीत. त्यांना काय काय ठाऊक होतं, ते मी कधी लिहून घेतलं नाही, ही माझी चूक. तुमच्या वाड्या-वस्त्यांवर त्या पिढीतले काही जण अजून असतील. कंपनीत शिकणाऱ्या पोरांनी एक दुपार त्यांच्याजवळ बसावं. “बंद इंजिन समोर आलं की तुम्ही पहिल्यांदा काय बघायचात?” एवढंच विचारावं, आणि सांगतील ते त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्यावं.

इतकं बोलून थांबतो. इंजिन बरोबर आणलंय, ज्यांना पंखा फिरवून बघायचाय त्यांनी पुढं या. फक्त बोटं सांभाळा.