डायसी

मोताळा तालुक्यातल्या धामणगाव बढे इथे जूनमधला पहिला पाऊस पडला की पारावर एकच विषय: सरकी टोबायची की थांबायचं? ओल चार बोटं गेलीय, पण पुढचा पाऊस लांबला तर दुबार पेरणी. अशा पेचाला मराठी माणूस ‘बेभरवशाचं’ म्हणतो. इंग्रजीत त्याला शब्द आहे ‘डायसी’.

‘डाइस’ म्हणजे फासे, त्यावरून डायसी. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास ब्रिटिश वैमानिकांच्या बोलीतून तो रूढ झाला. नुसतं ‘अनिश्चित’ म्हटलं तर त्यातली धास्ती निसटते. पावसाचा अंदाज अनिश्चित असतो. त्या अंदाजावर उसनवारीचं बियाणं मातीत घालणं डायसी.

‘बेभरवशाचा’मध्ये फारसी ‘बे’ आहे आणि तो माणसालाही खुशाल चिकटतो. डायसी सहसा प्रसंगालाच लागतो, माणूस त्यातून सुटतो. (पारावरचे काही जण मात्र सुटू नयेत!)

गंमत ऋग्वेदात आहे. दहाव्या मंडलातलं 34वं सूक्त जुगाऱ्याचं. फासे सोड आणि शेती कर, असा सल्ला त्यात त्याला दिलाय. कोरडवाहू कपाशीवाल्याला तो ऐकवला तर तो आधी आभाळाकडे बघेल.