बैलाच्या भयापासून बिनटाक्यापर्यंत

खानदेशात पुरुषाच्या ऑपरेशनचा विषय निघाला की चारचौघांत कुणीतरी हमखास म्हणतं, “मानूस बैल व्हई जास.” गावोगाव फिरणाऱ्या नर्सताई आणि आरोग्यसेवक यांना हे वाक्य नवीन नाही. पुष्कळ शिकलेली माणसं ते अडाणीपणा म्हणून झटकून टाकतात. मला तो अडाणीपणा वाटत नाही. शेतकऱ्याने आयुष्यभर डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट त्यात आहे. पुरुष नसबंदीची कुळकथा सांगायची तर आधी गोठ्यात जावं लागेल.

गोऱ्हा औताला धरायचा तर आधी तो खच्ची करायचा, हा रिवाज फार जुना. पूर्वी त्याला आडवा पाडत, चारही पाय आवळत, अंडाच्या वरच्या शिरा दोन दांड्यांमध्ये धरून बडवत. ‘बडवलेला बैल’ हा शब्द तिथून आला. ज्याने ते पाहिलं त्याला त्या जनावराचं ओरडणं विसरता येत नाही. पुढे पशुवैद्यकीय दवाखान्यांत चिमटा आला. बुर्दीझो नावाच्या इटालियन पशुवैद्याच्या नावाने तो जगभर ओळखला जातो. लांब दांड्याचा हा जड चिमटा कातडी कापत नाही. वरूनच दाबला की आत कट्‌कन आवाज होतो आणि शीर चेचली जाते. रक्ताचा एक थेंब बाहेर येत नाही. पण अंडाला जाणारं रक्त थांबतं, आणि काही आठवड्यांत ते सुकून आक्रसतं. मग गोऱ्ह्याची मस्ती जाते, वशिंड सांडासारखं भरत नाही, आणि जनावर जू मुकाट्याने मानेवर घेतं.

आता हेच सगळं पाहिलेल्या माणसासमोर पांढऱ्या कपड्यातला कुणी येऊन सांगतो, “काही नाही, कापाकापी नाही, फक्त नस बांधायची.” त्याने काय समजावं? शेतकऱ्याच्या अनुभवात शीर दाबली की नर संपतो. त्याचं भय तर्काला धरून आहे. त्यात गफलत एकाच ठिकाणी आहे, आणि ती कळली की सगळा गुंता सुटतो. अंडाकडे जाणारी ती जी दोरी हाताला लागते, ती एक शीर नाही. तिच्यात धमनी आहे, शिरांचं जाळं आहे, मज्जातंतू आहेत आणि या सगळ्यांसोबत एक घट्ट, बारीक नळी आहे. शुक्राणू वर नेणं एवढंच त्या नळीचं काम. चिमटा हे सगळं मिळून चेचतो. नसबंदीत ती नळी तेवढी वेगळी काढून तोडतात, बाकी सगळं जसंच्या तसं राहतं.

हा फरक पहिल्यांदा प्रयोगाने दाखवला तो एका कुत्र्यावर. लंडनचे शल्यचिकित्सक ॲस्टली कूपर यांनी १८२३मध्ये एका कुत्र्याच्या एका बाजूची ही नळी कापली आणि दुसऱ्या बाजूची धमनी व शीर कापली. एकाच जनावरात दोन्ही गोष्टी, म्हणजे शंकेला जागा नको. रक्त तोडलेल्या बाजूचं अंड सडून गेलं. नळी तोडलेल्या बाजूचं जिथल्या तिथे, धडधाकट राहिलं. सहा वर्षं त्यांनी तो कुत्रा सांभाळला. तो मादीवर जात असे, पण पिल्लं झाली नाहीत. खानदेशातल्या शेतकऱ्याने घातलेल्या कोड्याचं उत्तर त्या एका जनावराने दोनशे वर्षांपूर्वी देऊन ठेवलं आहे. ते त्याच्यापर्यंत कुणी नीट पोहोचवलं नाही, हे दुःख आहे.

पोहोचलं नाही, कारण मधल्या काळात ही शस्त्रक्रिया भलत्याच हातांत फिरत राहिली. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी डॉक्टरांनी ती प्रोस्टेटची गाठ कमी व्हावी म्हणून वापरली. फायदा झाला नाही. १९२०च्या दशकात व्हिएन्नाचे शास्त्रज्ञ श्टाइनाख म्हणू लागले की नळी बांधली की म्हातारा माणूस पुन्हा तरुण होतो. मोठमोठी माणसं त्या नादी लागली, स्वतः फ्रॉइड यांनीही १९२३मध्ये ती करून घेतली. आज ते वाचताना नवल वाटतं. जळगावात ज्या ऑपरेशनने ताकद जाते म्हणतात, त्याच ऑपरेशनने ताकद येते म्हणून युरोपात रांगा लागल्या होत्या. खरं तर जात काहीच नाही आणि येतही काही नाही. पुरुषपणाचं संप्रेरक त्या नळीतून वाहतच नाही, ते थेट रक्तात उतरतं.

याहून वाईट वळण अमेरिकेत लागलं. इंडियाना राज्यातल्या जेफरसनव्हिलच्या सुधारगृहात डॉ. हॅरी शार्प यांनी १८९९पासून कैद्यांवर ही शस्त्रक्रिया सुरू केली. १९०७मध्ये त्याच राज्याने सक्तीच्या नसबंदीचा जगातला पहिला कायदा केला. ज्याला ‘नालायक’ ठरवलं त्याचा वंश सरकारने थांबवायचा, असा त्यामागचा विचार. नसबंदीच्या कुळात हा डाग तेव्हा लागला आणि सत्तर वर्षांनी तो आपल्या अंगणात आला.

त्याआधी मराठी माणसाने मात्र या विषयाची सुरुवात फार चांगली केली होती. र. धों. कर्व्यांनी १९२१मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. त्याच वर्षी मेरी स्टोप्स यांनी लंडनमध्ये आपला दवाखाना उघडला, म्हणजे कर्वे जगाच्या मागे नव्हते. प्राध्यापकाची नोकरी त्यांनी या कामापायी गमावली. १९२७पासून ‘समाजस्वास्थ्य’ चालवलं, खटले सोसले. आपलं शरीर, आपला संसार आणि आपण विचारपूर्वक घेतलेला निर्णय, एवढंच ते जन्मभर सांगत राहिले. शकुंतलाबाई परांजपे त्यांच्यासोबत उभ्या राहिल्या आणि तोच विषय पुढे विधान परिषदेत आणि राज्यसभेत घेऊन गेल्या. या दोघांच्या बोलण्यात धाक नव्हता. पुढे सरकारने तोच कार्यक्रम हाती घेतला तेव्हा ही एक गोष्ट त्यातून गळाली.

१९५२मध्ये कुटुंबनियोजन हा राष्ट्रीय कार्यक्रम करणारा भारत पहिला देश ठरला. तेव्हा पुरुषाची शस्त्रक्रियाच सोयीची होती. बाईचं पोट उघडावं लागे, भूल द्यावी लागे, दवाखान्यात ठेवावं लागे. पुरुषाचं काम कातडीखालीच उरकायचं. मुंबई महापालिकेच्या डॉ. डी. एन. पै यांनी १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात तर थेट रेल्वे स्थानकांवर नसबंदीची केंद्रं थाटली. कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण भिंतीभिंतींवर आला. गावात शिबिरं भरू लागली, पैसे मिळू लागले. तोवर लोक येत होते, आपल्या पायांनी येत होते.

मग आणीबाणी आली. लक्ष्यं ठरली आणि ती शिक्षक, तलाठी, ग्रामसेवक यांच्या डोक्यावर वाटली गेली. ‘केस’ हा शब्द तेव्हा गावच्या बोलण्यात रुतला. मास्तरांना केस आणायची, नाहीतर पगार अडायचा. महाराष्ट्र विधिमंडळाने १९७६मध्ये तीन मुलांनंतर नसबंदी सक्तीची करणारं विधेयक मंजूर केलं, त्यात तुरुंगवासाची तरतूद होती. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते कायदा झालं नाही. पण कायद्याची वाट कुणी पाहिली नव्हती. त्याच वर्षीच्या जानेवारीत सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत बाजाराला माल घेऊन आलेल्या शेतकऱ्यांना गाडीत कोंबून नेऊन नसबंदी केल्याचं प्रकरण घडलं. धान्य विकायला आलेला माणूस ऑपरेशन होऊन घरी गेला.

खानदेशातही सरकारी जीपचा धुरळा दिसला की माणसं ज्वारीत दडायची, असं जुने लोक सांगतात. मला वाटतं, बैलाचं भय तेव्हा पक्कं झालं. तोवर ती शंका होती. आडवा पाडायचा, धरून ठेवायचा, त्याला न विचारता उरकायचं, हे माणसाच्या बाबतीतही होऊ शकतं हे लोकांनी पाहिलं. शरीरशास्त्र समजावणारी कुठलीही पुस्तिका त्या अनुभवापुढे टिकत नाही.

१९७६-७७ या एका वर्षात देशात ऐंशी लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या, त्यातल्या साठ लाखांवर पुरुषांच्या. सतराशेहून अधिक मृत्यूंची नोंद आणीबाणीची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाने केली. त्याच्या पुढच्याच वर्षी पुरुषांच्या शस्त्रक्रिया दोन लाखांच्या आत आल्या. सरकारने कार्यक्रमाचं नाव बदलून कुटुंबकल्याण केलं आणि पुरुषाचा नाद सोडला. बाईकडे मोर्चा वळवला. दुर्बिणीचं ऑपरेशन आलं, तिचं काम भराभर होऊ लागलं. पुरुषांनी निवडणुकीत राग काढला. बाईला राग काढायला जागा नव्हती.

याचा हिशोब आज असा आहे. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात विवाहित स्त्रियांपैकी सुमारे निम्म्या जणींनी स्वतःची शस्त्रक्रिया करून घेतली आहे. पुरुष नसबंदीचा वाटा एक टक्कासुद्धा नाही. गडचिरोलीसारख्या जिल्ह्यात तो बराच जास्त आहे, म्हणजे मराठी पुरुषाच्या मुळातच हे नाही असं म्हणायला वाव नाही. पण तापीकाठी चित्र असं, की दुसऱ्या बाळंतपणानंतर ‘टाका’ घालून घेतलेली बाई काही आठवड्यांत कापूस वेचायला वाकते. तिची कंबर दुखते त्याला कुणी ताकद जाणं म्हणत नाही. रावेर-यावलच्या बागांतून केळीचे घड वाहणारा तिचा नवरा मात्र म्हणतो, मला वजन उचलावं लागतं, माझं ऑपरेशन कसं चालेल? तीसुद्धा त्याच्याच बाजूने बोलते. घरातला कमावता माणूस बैल झाला तर खायचं काय, ही तिचीही भीती आहे. २०१४च्या नोव्हेंबरमध्ये छत्तीसगडमध्ये बिलासपूरजवळच्या शिबिरात एका दिवसात ८३ बायकांच्या शस्त्रक्रिया उरकल्या गेल्या आणि तेरा जणी दगावल्या. घाऊक शिबिरं बंद करा, असं सर्वोच्च न्यायालयाला २०१६मध्ये सांगावं लागलं. नवऱ्याने टाळलेली शस्त्रक्रिया बायकोच्या अंगावर जाते, आणि तिच्यासाठी ती जास्त जड असते, हे या विषयातलं मला सर्वांत टोचणारं सत्य आहे.

या अवधीत पुरुषाचं ऑपरेशन आणखी सोपं झालं होतं. चीनमधल्या सिचुआन प्रांतातल्या डॉ. ली शुन्च्यांग यांनी १९७४मध्ये सुरीशिवाय नसबंदीची पद्धत काढली. चीनमधल्या पुरुषांनाही सुरीचंच भय होतं, ते त्यांनी मनावर घेतलं. १९९०च्या दशकात ती भारतात आली आणि आपल्याकडे तिला ‘बिनटाका’ म्हणतात. जागा बधिर करायला एक बारीक सुई टोचतात. डॉक्टर तीन बोटांनी ती नळी कातडीच्या अगदी खाली आणतो. हाताला ती शिजलेल्या शेवईसारखी मऊ लागत नाही, सुतळीसारखी टणक लागते, त्यावरूनच ओळखतात. गोल तोंडाच्या चिमट्याने ती जागच्या जागी धरतात. दुसऱ्या टोकदार चिमट्याने कातडीला एकच भोक पाडून ते जरा रुंदावतात. नळीचा वेढा बाहेर काढतात, बारीक तुकडा कापतात, टोकं बांधतात आणि मध्ये आवरणाचा पडदा घेतात, म्हणजे ती पुन्हा जुळू नयेत. मग त्याच भोकातून दुसरी बाजू. वीस मिनिटांत काम होतं आणि टाका लागत नाही. धमनी, शिरा, मज्जातंतू यांना हात लागलेला नसतो. लंगोट घट्ट बांधून माणूस चालत घरी जातो. दोन दिवस आराम, आठवडाभर सायकल आणि वजन नाही, मग घड वाहायला मोकळा. वीर्य येतं, दिसायला पहिल्यासारखंच, कारण शुक्राणूंचा भाग त्यात फारच थोडा असतो.

इथे एक गोष्ट सांगायची राहते आणि ती सांगितली नाही तर पुढे घर मोडायची वेळ येते. नळीच्या वरच्या भागात आधीचे शुक्राणू शिल्लक असतात. म्हणून तीन महिने निरोध किंवा दुसरा उपाय चालू ठेवायचा, आणि तीन महिन्यांनी वीर्य तपासून शुक्राणू नाहीत याची खात्री करून घ्यायची. तोवर ऑपरेशन पूर्ण झालं असं धरू नये. ही तपासणी न केल्याने दिवस गेले तर संशय बायकोवर येतो, तिची काहीच चूक नसताना. दुसरं असं, की हा कायमचा उपाय आहे. नळी पुन्हा जोडता येते, पण ती शस्त्रक्रिया अवघड, आणि मूल होईलच अशी हमी नाही. मन द्विधा असेल त्याने घाई करू नये. नंतर नको वाटेल अशी शक्यता ठेवून हा निर्णय घ्यायचा नसतो.

सरकार दरवर्षी २१ नोव्हेंबर ते ४ डिसेंबर असा पुरुष नसबंदी पंधरवडा पाळतं. महाराष्ट्रात करून घेणाऱ्याला १,४५१ रुपये मिळतात, बुडालेल्या मजुरीपोटी. पण नोव्हेंबर म्हणजे खानदेशात कापसाची वेचणी, हरभरा-गव्हाची पेरणी. एकाही माणसाला त्या दिवसांत आठवडाभर बसायची सोय नसते. इथे घरी थांबायचे दिवस आखाजीचे, म्हणजे अक्षय्य तृतीयेचे. लेकी माहेरी येतात, शेत मोकळं असतं, पुढच्या पेरणीला अवकाश असतो. जळगाव-धुळ्याच्या ग्रामीण रुग्णालयांत बिनटाक्याचा शिकलेला डॉक्टर आखाजीच्या आसपास ठरल्या वारी बसेल, त्या वेळी कुठलीही यादी आणि कुठलंही लक्ष्य हातात नसेल, आणि आलेल्या माणसाला तो आधी चिमटा आणि नळी यांतला फरक समजावून सांगेल, एवढी व्यवस्था या जिल्ह्यांत व्हायला हवी. आणि समजावताना बायकोलाही समोर बसवावं, कारण घरात “नको” म्हणणारी पहिली तीच असते.