अखंड धाव आणि अक्षयनीवी

पुणे जिल्ह्यातील जुन्नर व आंबेगाव या शेजारच्या दोन्ही तालुक्यांत पारगाव नावाचे गाव आहे. जुन्नरमधील ते पारगाव तर्फे आळे आणि आंबेगावातील ते पारगाव तर्फे अवसरी बुद्रुक. दुसऱ्या गावच्या शिवारात, दत्तात्रयनगर येथे, भीमाशंकर सहकारी साखर कारखाना आहे. हा सारा पट्टा उसाचा. महाराष्ट्रातील इतर ग्रामीण भागांप्रमाणे येथील तरुण-तरुणीही पोलीस व सैन्यभरतीच्या आशेने पहाटे रस्त्यावर धावतात. पोलीस शिपाई भरतीत पुरुषांना १६०० मीटर व महिलांना ८०० मीटर धावावे लागते. त्यांतील कित्येक जण ‘एकही दिवस खाडा करायचा नाही’ असा निश्चय करतात.

हा निश्चय स्तुत्य आहे. परंतु तो दिसतो तितका सरळ नाही. ताप आला, नडगीचे हाड दुखू लागले, परीक्षा आली, तर काय करावे? अखंड राखावयाचे ते नेमके काय? हा प्रश्न नवा नाही. बौद्ध वाङ्मयात व बौद्ध इतिहासात त्याचा बारकाईने विचार झालेला आहे, आणि त्याची एक महत्त्वाची खूण पारगावपासून फार दूर नसलेल्या जुन्नरच्या लेण्यांत कोरलेली आहे.

प्रथम शब्दांकडे पाहू. सातत्याला पालीत ‘सातच्च’ म्हणतात. अभिधम्मपिटकातील विभंग या ग्रंथात प्रमादाची फोड करताना कुशल कर्म आस्थेने न करणे, सातत्याने न करणे आणि मध्येच थांबत करणे, असे दोष ओळीने सांगितले आहेत. येथील क्रम अर्थपूर्ण वाटतो. ‘सक्कच्च’, म्हणजे आदरपूर्वक व काळजीने करणे, हे आधी येते, ‘सातच्च’ त्यानंतर. काळजीवाचून केलेले सातत्य हा अप्रमाद नव्हे, असाच त्याचा आशय घ्यावा लागतो.

आता शरीराच्या नित्य व्यायामाविषयी विनयपिटक काय सांगते ते पाहू. चुल्लवग्गातील कथेनुसार वैशाली येथे पक्वान्नांच्या भोजनांची रीघ लागली असता भिक्षूंची शरीरे जड झाली व ते वारंवार आजारी पडू लागले. प्रसिद्ध वैद्य जीवक कोमारभच्च यांनी हे पाहिले आणि भगवंतांकडे दोन गोष्टींची अनुज्ञा मागितली: चंक्रमण व स्वेदनगृह. भगवंतांनी ती दिली. चंक्रमण म्हणजे आखलेल्या वाटेवर येरझारा घालणे. ते धावणे नव्हे. परंतु शरीराच्या आरोग्यासाठी रोज पाय चालविणे या अर्थाने ते आपल्या विषयाचे सर्वांत जवळचे प्राचीन उदाहरण होय. अंगुत्तरनिकायात त्याचे पाच लाभ नोंदविले आहेत: प्रवासाची क्षमता, उद्योगाची क्षमता, अल्प व्याधी, अन्नाचे उत्तम पचन आणि चालताना साधलेल्या समाधीचे दीर्घकाळ टिकणे.

याहून उद्बोधक आहे तो पुढचा भाग. चंक्रमणाची भूमी खडबडीत होती, भिक्षूंचे पाय दुखू लागले. तेव्हा ती समतल करण्यास अनुमती मिळाली. जागा सखल असल्याने पाणी साचे. तेव्हा जोते उंच करण्यास सांगितले गेले. उंच जोत्यावरून भिक्षू पडत. तेव्हा कठडा आला. थंडी व उष्णता यांचा त्रास होई. तेव्हा छपराची चंक्रमणशाळा आली. अडचण आली म्हणून आचरण सोडले नाही आणि आचरण टिकावे म्हणून भिक्षूंचे हाल होऊ दिले नाहीत. बदलली ती व्यवस्था.

अतिरेकाची कथा महावग्गात आहे. चंपा नगरीतील श्रेष्ठीपुत्र सोण कोळिविस याचे पाय अत्यंत सुकुमार होते. प्रव्रज्येनंतर राजगृहाजवळील सीतवनात त्याने इतके चंक्रमण केले की पाय फुटून वाट रक्ताने माखली. एवढे करूनही मुक्ती लाभत नाही, तेव्हा घरी परतून दानपुण्य करावे, असा विचार त्याच्या मनात आला. भगवंतांनी त्याला त्याच्याच पूर्वीच्या कलेचा, वीणावादनाचा, दाखला दिला: तारा फार ताणल्या तरी स्वर नाही आणि ढिल्या सोडल्या तरी नाही. वीर्याची समता राख, हा त्या उपदेशाचा गाभा. सोण पुन्हा प्रयत्नाला लागला व अर्हत झाला. त्याला एकपदरी तळाच्या वहाणा वापरण्याची मुभा देण्यात आली, तेव्हा आपल्या एकट्यासाठी सवलत नको, असे तो म्हणाला. मग ती सर्व संघाला देण्यात आली. म्हणजे अतिरेकातून दोन गोष्टी निष्पन्न झाल्या, समतेचा उपदेश आणि पायांतील वहाण. दोन्हींचा हेतू एकच होता: साधकाने उद्याही चालावे.

भारताबाहेर याच्या अगदी विरुद्ध टोकाची एक परंपरा आढळते. जपानमधील हिएई पर्वतावर तेंदाई संप्रदायाचे काही भिक्षू ‘काइहोग्यो’ नावाचे व्रत करतात. त्याचा आरंभ सोओ (इ.स. ८३१-९१८) या भिक्षूकडे नेला जातो. सात वर्षांत एकूण १००० दिवस डोंगरातील वाटेवर शीघ्र गतीने चालायचे, असे त्याचे स्वरूप आहे. पहिली तीन वर्षे दरसाल १०० दिवस, पुढील दोन वर्षे २०० दिवस. आरंभीची रोजची मजल सुमारे ३० किलोमीटर. ७०० दिवसांनंतर नऊ दिवस अन्न, पाणी व निद्रा वर्ज्य. १८८५ नंतर पन्नासच्या आसपास भिक्षूंनीच ते पूर्ण केले. साकाइ युसाइ यांनी ते १९८० व १९८७ असे दोनदा पुरे केले. व्रत अर्धवट राहिल्यास प्राणत्याग करावा, अशी परंपरा असून तिची खूण म्हणून भिक्षू जवळ दोरी व सुरी बाळगतो. या निष्ठेविषयी आदर वाटतो. मात्र सोणाला मिळालेला उपदेश ध्यानी घेता, प्राणत्यागाच्या या अटीला पाली विनयाचा आधार देता येत नाही. शिवाय या कठोर व्रतातही वर्षाचे दिवस मोजून दिलेले आहेत आणि उरलेले महिने चालण्याविना जातात, हे विसरता कामा नये.

आधुनिक काळातील अखंड धावेचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण इंग्लंडच्या रॉन हिल यांचे. १९७० मध्ये बोस्टन मॅरेथॉन जिंकणारे हे धावपटू २० डिसेंबर १९६४ पासून जानेवारी २०१७ पर्यंत, ५२ वर्षांहून अधिक काळ, रोज धावले. रोज किमान एक मैल, म्हणजे सुमारे १.६ किलोमीटर, हे त्यांचे माप होते. अंतर एवढे लहान होते म्हणूनच क्रम एवढा दीर्घ झाला. पण त्याच हिल यांनी १९९३ मध्ये मोटार अपघातात छातीचे हाड मोडल्यावर दुसऱ्या दिवशीही धाव घेतली. येथे नियम माणसासाठी राहिला नाही, माणूस नियमासाठी झाला. शेवटी धावताना छातीत कळा येऊ लागल्या, तेव्हा कुटुंबीयांचा व स्वतःचा विचार करून त्यांनी आपण होऊन क्रम थांबविला. २०२१ मध्ये त्यांचे निधन झाले. थांबण्याचा तो निर्णय त्यांच्या धावेइतकाच मोलाचा मानला पाहिजे.

आपल्या पुणे शहरातील आशीष कासोदेकर यांनी २८ नोव्हेंबर २०२१ ते २६ जानेवारी २०२२ या ६० दिवसांत रोज ४२.१९५ किलोमीटर असे ६० मॅरेथॉन पूर्ण करून पूर्वीचा ५९ दिवसांचा उच्चांक मागे टाकला. येथे अंतर मोठे, पण अवधी आधीच ठरलेला. हिल यांचे माप लहान व अवधी अमर्याद. कासोदेकरांचे माप मोठे व अवधी मर्यादित. मोठे माप आणि अमर्याद अवधी ही दोन्ही एकत्र शरीराला पेलत नाहीत.

हे गणित आपल्या पूर्वजांना द्रव्याच्या व्यवहारात उत्तम कळले होते. त्यालाच ‘अक्षयनीवी’ म्हणत. नाशिकच्या लेणे क्रमांक १० मधील उषवदाताच्या लेखानुसार त्याने ३००० कार्षापण गोवर्धन येथील श्रेणींकडे ठेवले. पैकी २००० विणकरांच्या श्रेणीकडे, दरमहा शेकडा एक या व्याजाने. त्या व्याजातून वर्षावासातील २० भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण चीवरासाठी द्यावयाचे. हिशेब चोख बसतो: वर्षाचे व्याज २४०, खर्चही २४०. मुद्दल परत घ्यावयाचे नाही. केवळ व्याज उपभोगायचे. जुन्नरचे लेखही याच रीतीचे आहेत. तेथे बांबूकाम करणाऱ्यांच्या व कासारांच्या श्रेणींकडे ठेवलेल्या ठेवी आहेत, संघासाठी दिलेली शेते आहेत. आडुथुम नामक शक उपासकाने करंजाच्या झाडांसाठी २० निवर्तने व वडाच्या झाडांसाठी ९ निवर्तने जमीन दिल्याची नोंद आहे. हे दाते राजे नव्हते. श्रमिक व व्यापारी यांच्या श्रेणींवर विसंबून त्यांनी दानाचा ओघ अखंड ठेवला. ते एकच पथ्य पाळत: मुद्दलाला हात लावायचा नाही.

धावणाऱ्याचे मुद्दल म्हणजे त्याचे शरीर. रोजची धाव त्याच्या व्याजातून झाली पाहिजे. रोजच्या आघाताने हाडावर पडणारा ताण भरून निघण्यास अवधी लागतो. तो न दिल्यास हाडाला सूक्ष्म तडा जातो आणि ऐन भरतीच्या वेळी तरुण घरी बसतो. ज्या घरात पहिलीच सरकारी नोकरी येऊ घातलेली असते, त्या घराचे त्यात किती मोठे नुकसान होते हे सांगावयास नको. म्हणून निश्चय करणाऱ्याने आपले किमान माप लहान ठेवावे, वेगाचे दिवस मोजके ठेवावेत आणि दुखापत वा ताप असता चालणे किंवा पूर्ण विश्रांती हेच त्या दिवसाचे आचरण मानावे. जुन्नर-आंबेगावच्या उसात बिबट्याचा वावर आहे. माणिकडोहचे बिबट निवारा केंद्र त्याचीच साक्ष देते. तेव्हा अंधारात एकट्याने न धावता उजाडल्यावर, चौघांच्या सोबतीने, मोकळ्या मैदानावर धावावे. चंक्रमणाला कठडा बांधणाऱ्या परंपरेला हे साजेसेच आहे.

हीच गोष्ट अभ्यासाची. बाबासाहेबांच्या जयंतीनिमित्त आपल्याकडे सलग १८ तास अभ्यासाचे उपक्रम होतात. त्यांतून प्रेरणा मिळते, यात शंका नाही. परंतु १५ एप्रिलला पुस्तक मिटले, तर ती मुद्दलाविना काढलेली एका दिवसाची उचल ठरते. रोजचा एक तास, आस्थेने व खाडा न करता, वर्षाअखेर ३६५ तासांचा होतो.

जुन्नरच्या कातळावर दात्यांनी आपण एका दिवशी किती दिले याची बढाई कोरली नाही. दान पुढे चालत राहावे याची व्यवस्था कोरली. रोज धावण्याचा निश्चय करणाऱ्यानेही प्रथम तीच व्यवस्था करावी.