पडद्यावरचे जीवशास्त्र, कृष्णाकाठची प्रयोगशाळा

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील गावांतून दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेला विद्यार्थी अकरावीला विज्ञान शाखेत दाखल होतो, तेव्हा त्याच्यापुढे एकाच पुस्तकात दोन विषय उभे ठाकतात : एक जीवशास्त्र आणि दुसरा त्याची इंग्रजी परिभाषा. कालपर्यंत ओळखीची असलेली तंतुकणिका आज मायटोकॉन्ड्रिया होते, हरितलवकाचे क्लोरोप्लास्ट होते. वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेत ७२० पैकी ३६० गुण जीवशास्त्राचे असतात. त्यामुळे हा विषय कच्चा राहिल्याची किंमत मोठी असते, आणि तो पक्का करून देणाऱ्या खासगी शिकवण्यांचे शुल्क प्रत्येक घराला पेलतेच असे नाही. अशा विद्यार्थ्याच्या हाती आज एक साधन विनामूल्य आले आहे. ते म्हणजे आंतरजालावरील रंजक चित्रफिती. या चित्रफितींतून काय शिकता येते, काय निसटते आणि निसटलेले परत कसे मिळवावे, याचा विचार करणे म्हणूनच आवश्यक ठरते.

चित्रफितीचा प्रवास

पडद्यावरून शिकवण्याची कल्पना आपल्याकडे नवी नाही. १९७५-७६ मध्ये ‘साइट’ या उपग्रह प्रयोगातून सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत शैक्षणिक कार्यक्रम पोहोचले. १९८४ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने दूरदर्शनवर महाविद्यालयीन पाठ सुरू केले आणि त्याच वर्षी शालेय कार्यक्रमांची निर्मिती करणारी ‘बालचित्रवाणी’ पुण्यात स्थापन झाली. ही संस्था २०१७ मध्ये बंद पडली. या सर्व कार्यक्रमांची एक मर्यादा होती. वेळ ठरलेली असे, आणि न कळलेले वाक्य पुन्हा ऐकण्याची सोय नसे.

आंतरजालाने ही अडचण दूर केली. सलमान खान या अमेरिकेतील तरुणाने २००६ पासून यूट्यूबवर पाठ ठेवण्यास सुरुवात केली आणि त्यातून ‘खान अकॅडमी’ उभी राहिली. २०१२ मध्ये हँक ग्रीन यांनी ‘क्रॅश कोर्स’ या वाहिनीवर जीवशास्त्राचे ४० भाग सादर केले. वेगवान निवेदन, विनोद आणि हलती चित्रे यांच्या जोरावर पेशीपासून परिसंस्थेपर्यंतचा प्रवास त्यांनी दहा-बारा मिनिटांच्या तुकड्यांत बसवला. टेक्सास राज्यातील दोन बहिणींनी ‘अमीबा सिस्टर्स’ या नावाने व्यंगचित्रांतून हाच विषय मांडला. भारतात २०१७ मध्ये ‘दीक्षा’ हे व्यासपीठ सुरू झाले आणि पाठ्यपुस्तकावरील क्यूआर संकेतातून थेट पाठापर्यंत जाण्याची वाट तयार झाली. या संकेतांचा शाळेत कल्पकतेने उपयोग करणारे शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० चा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला.

जीवशास्त्राला चित्र का मानवते?

जीवशास्त्रातील बहुतेक मूलभूत घटना डोळ्यांना दिसत नाहीत. पेशीविभाजनात गुणसूत्रे मध्यभागी रांगेत येतात आणि मग दोन टोकांना ओढली जातात, ही मुळात हालचाल आहे. पुस्तकातील चार स्थिर आकृत्यांमधली ही हालचाल विद्यार्थ्याला मनाने भरून काढावी लागते. चित्रफीत ती दाखवते. हार्वर्ड विद्यापीठासाठी २००६ मध्ये तयार झालेल्या ‘द इनर लाइफ ऑफ द सेल’ या लघुपटात कायनेसिन नावाचे प्रथिन आपल्यापेक्षा कितीतरी मोठे ओझे घेऊन सूक्ष्मनलिकेवरून पावले टाकत जाते. हे दृश्य पाहिलेल्या विद्यार्थ्याला पेशी ही द्रवाने भरलेली निव्वळ पिशवी वाटत नाही.

मात्र हाच लघुपट चित्रफितीचा दोषही दाखवून देतो. प्रत्यक्ष पेशीत इतकी मोकळी जागा नसते. तेथे रेणूंची दाटी असते, सारे काही सतत थरथरत असते आणि कायनेसिनची चालही इतकी डौलदार नसते. चित्र समजावे म्हणून गर्दी काढून टाकलेली असते. डीएनएच्या शिडीला दिलेले लाल-निळे रंगही चित्रकाराचेच असतात. कोणतेही चांगले चित्र काहीतरी वगळूनच तयार होते. काय वगळले आहे हे विचारण्याची सवय विद्यार्थ्याला लागली पाहिजे.

समजल्याचा भास

यापेक्षा मोठा धोका पाहणाऱ्याच्या मनात असतो. पुढे ‘व्हेरिटेसियम’ ही विज्ञानवाहिनी सुरू करणारे डेरेक म्युलर यांनी सिडनी विद्यापीठात २००८ मध्ये पूर्ण केलेल्या प्रबंधात भौतिकशास्त्राच्या चित्रफितींचा अभ्यास केला. सरळ, स्वच्छ स्पष्टीकरण देणारी चित्रफीत विद्यार्थ्यांना सोपी वाटली, पण चाचणीत त्यांची प्रगती अल्प होती. जिच्यात आधी चुकीची समजूत मांडून नंतर ती तपासली होती, ती चित्रफीत त्यांना गोंधळात टाकणारी वाटली आणि तरीही तिच्यातून ते अधिक शिकले. स्वच्छ स्पष्टीकरण ऐकताना ‘हे तर आपल्याला ठाऊकच आहे’ असे वाटते आणि जुनी समजूत जागच्या जागी राहते.

स्मरणाच्या बाबतीतही असाच अनुभव आहे. रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांना काही उतारे दिले होते. उतारा चार वेळा वाचणाऱ्या गटाला आठवड्यानंतर त्यातील सुमारे ४० टक्के मजकूर आठवला. एकदाच वाचून तीन वेळा आठवून लिहिणाऱ्या गटाला ६१ टक्के आठवला. गंमत अशी, की आपल्या लक्षात अधिक राहील असा विश्वास मात्र पुन:पुन्हा वाचणाऱ्यांनाच जास्त होता. चित्रफीत चार वेळा पाहून अभ्यास झाला असे मानणाऱ्याने हे आकडे ध्यानात ठेवावेत.

उसाचे वजन कोठून येते?

चुकीच्या समजुती किती खोल असतात, याचे उदाहरण कृष्णाकाठच्या शेतातच आहे. उसाच्या भागातील मुलाला उसाचे वजन कोठून येते असे विचारले, तर बहुधा ‘जमिनीतून आणि खतातून’ असे उत्तर मिळेल. खताला आपण पिकाचे खाद्य म्हणतोच. बेल्जियममधील व्हॅन हेल्मॉन्ट यांनी सतराव्या शतकात हा प्रश्न तराजूवर ठेवला. २०० पौंड कोरड्या मातीत त्यांनी ५ पौंडांचे विलोचे रोप लावले आणि पाच वर्षे त्याला केवळ पाणी घातले. झाड १६९ पौंडांचे झाले. मातीचे वजन घटले ते सुमारे दोन औंस. त्यांनी सारे श्रेय पाण्याला दिले, तेही अपुरेच होते. उसातील साखरेचा कार्बन हवेतील कार्बन डायऑक्साइडमधून येतो, पानात सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने त्याची पाण्याशी सांगड घातली जाते. खतातून मिळणारे नत्र, स्फुरद, पालाश अत्यावश्यक असतात, पण उसाच्या वजनातील त्यांचा वाटा थोडा असतो. प्रकाशसंश्लेषणाची चित्रफीत पाहण्यापूर्वी विद्यार्थ्याने या प्रश्नाचे आपले उत्तर वहीत लिहावे. मग चित्रफीत त्या उत्तराशी भिडते.

महाबळेश्वर ते तासगाव

पडद्यावर पाहिलेले पडताळण्यासाठी या दोन जिल्ह्यांइतकी सोयीची जागा शोधून सापडणार नाही. कृष्णा जेथे उगम पावते त्या महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी हे डीएनए वेगळे काढण्यासाठी उत्तम फळ आहे. माणसाच्या पेशीत गुणसूत्रांचे दोन संच असतात, लागवडीच्या स्ट्रॉबेरीत आठ. फळ कुस्करून त्यात मीठ आणि भांडी घासण्याचा द्रवरूप साबण घातलेले पाणी मिसळावे, गाळावे आणि गाळलेल्या रसावर थंडगार स्पिरिट कडेने हळूच सोडावे. साबणाने पेशींची मेदयुक्त पटले फुटतात. डीएनए स्पिरिटमध्ये विरघळत नसल्यामुळे पांढरट धाग्यांच्या रूपाने वर येतो. त्यात थोडी प्रथिने व पेक्टिनही मिसळलेले असते. पडद्यावरची शिडी येथे दिसत नाही, कारण दिसतो तो असंख्य रेणूंचा पुंजका. स्पिरिट पेट घेते, म्हणून हा प्रयोग विस्तवापासून दूर आणि मोठ्यांच्या देखत करावा.

साताऱ्याजवळचे कास पठार २०१२ मध्ये पश्चिम घाटाचा भाग म्हणून जागतिक वारशाच्या यादीत आले. ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये तेथे फुलांच्या गालिच्यात दवबिंदू ही कीटकभक्षी वनस्पती आढळते. कीटक हे तिचे अन्न, असे सर्रास समजले जाते. वस्तुत: ती इतर हिरव्या वनस्पतींप्रमाणे आपले अन्न पानांतच तयार करते. जांभ्यावरील पातळ मातीत नत्र व स्फुरद कमी असते, ती उणीव ती कीटकांच्या शरीरातून भागवते. तेथेच सीतेची आसवे या नावाने ओळखली जाणारी निळसर-जांभळी फुले डोलतात. या वनस्पतीचे सापळे ओल्या मातीत दडलेले बारीक फुगे असतात आणि त्यांची झडप सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळात भक्ष्य आत ओढते. फूल पठारावरच पाहावे, सापळ्याची झडप मात्र संथ गतीच्या चित्रफितीतच दिसते. पठारावर फूल तोडू नये आणि वाट सोडून पाऊल टाकू नये.

सांगली जिल्ह्यातील तासगावचा बेदाणा परासरणाच्या धड्याला हमखास उपयोगी पडतो. साध्या पाण्यात तो फुगतो, मग दाट मिठाच्या पाण्यात टाकला की आकसतो. पण द्राक्ष वाळताना त्यातील पेशी मरतात आणि त्यांची पटले बिघडतात. म्हणून बेदाण्याचे फुगणे हा परासरणाचा ढोबळ नमुनाच मानावा. खरी कसोटी कच्च्या बटाट्याच्या कापांवर घेता येते. साध्या पाण्यात ते ताठ होतात, मिठाच्या पाण्यात लुळे पडतात. उकडलेल्या बटाट्याचा काप साध्या पाण्यात ठेवूनही ताठ होत नाही, कारण पटलच शिल्लक राहिलेले नसते.

सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला. लागवडीसाठी शेतकरी जे गड्डे ठेवतो ते मूळ नसून जमिनीखालचे खोड असते. त्यावरील पेरे आणि डोळे पाहिले की हे पटते. गड्ड्यापासून उगवलेले रोप जनुकांच्या दृष्टीने मूळ रोपाची नक्कल असते. त्यामुळे चांगला वाण टिकून राहतो आणि त्याचबरोबर एखादा रोग साऱ्या शिवाराला सारखाच गाठू शकतो. निरीक्षणासाठी ओला गड्डा घ्यावा. बाजारात येणारे हळकुंड शिजवून वाळवलेले असते, त्याला कोंब फुटत नाही.

परिभाषेचा पूल

उत्तमोत्तम चित्रफिती इंग्रजीत आणि तीही वेगवान इंग्रजीत असतात. येथे सातारा जिल्ह्यातीलच एक मोठे काम मदतीला येते. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली वाई येथून सिद्ध झालेला मराठी विश्वकोश आज आंतरजालावर विनामूल्य वाचता येतो. कुमार विश्वकोशात ‘जीवसृष्टी आणि पर्यावरण’ या विषयाला स्वतंत्र स्थान दिले आहे. जुन्या नोंदींत पेशीसाठी ‘कोशिका’ असा शब्द आढळतो, एवढे लक्षात ठेवावे. बालभारतीची मराठी व इंग्रजी पाठ्यपुस्तकेही मंडळाच्या संकेतस्थळावर उपलब्ध आहेत. एकाच प्रकरणाची दोन्ही पुस्तके शेजारी ठेवून परासरण-ऑस्मॉसिस, विकर-एन्झाइम, जनुक-जीन, लयकारिका-लायसोसोम अशी जोडयादी विद्यार्थ्याने स्वत: तयार करावी. चित्रफितीचा वेग कमी करण्याची आणि इंग्रजी मजकूर पडद्यावर उमटवण्याची सोय असते, तिचाही उपयोग करावा.

कसे पाहावे?

प्रथम प्रकरणाचे शीर्षक वाचून आपल्याला काय वाटते ते दोन-तीन ओळींत लिहावे. चित्रफीत तुकड्यातुकड्याने पाहावी. ‘एडेक्स’वरील पाठांच्या लक्षावधी नोंदी तपासणाऱ्या २०१४ च्या अभ्यासात पाहणाऱ्यांचे लक्ष साधारणत: सहा मिनिटांपर्यंतच टिकते असे दिसले. प्रत्येक तुकड्यानंतर पडदा बंद करून आकृती आठवणीने काढावी आणि मगच ती पुस्तकाशी ताडून पाहावी. जे चुकले त्यावर खूण करून दोन दिवसांनी पुन्हा तीच आकृती काढावी. शेवटी तो भाग घरातल्या कोणाला तरी मराठीत समजावून सांगावा. जेथे शब्द अडतो तेथे समज अडलेली असते. शिक्षकांनाही यात मोठा वाव आहे. चित्रफीत घरी पाहून यावी आणि तासाला बटाट्याचे काप मोजावेत, अशी विभागणी केली तर प्रयोगशाळा नसलेल्या शाळेतही प्रयोग होतो.

कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये कराड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली आणि ‘कमवा व शिका’ या मार्गाने गरीब घरांतील मुलांसाठी शाळेचे दार उघडले. हाताने काम करणे हा त्या शिक्षणाचा भागच होता. आज त्याच परिसरातील मुलाला जगातील नामवंत शिक्षकाचा पाठ भ्रमणध्वनीच्या पडद्यावर फुकट मिळतो. तो पाठ त्याचा स्वत:चा व्हायचा असेल, तर पडदा मिटल्यावर त्याने हाती वही, सुरी आणि बटाटा घ्यायला हवा.