दिवाळीच्या मिरवणुकीपासून पीएमपीपर्यंत : प्रकल्प व्यवस्थापन म्हणजे नेमकं काय?

इंदूर : कान्ह आणि सरस्वती नद्यांच्या काठची जुनी इंदूर ही शहराची मूळ वस्ती. अरुंद गल्ल्या, एकमेकांना टेकलेली घरं, खाली दुकान आणि वर बिऱ्हाड. अशा ठिकाणी ड्रेनेजची लाइन टाकायची म्हटली की अडचण फक्त पाइपाची नसते. दुकानं किती दिवस बंद राहणार, जुन्या भिंतींचा पाया हलला तर काय, आणि लाइन पडल्यावर पाण्याच्या नळासाठी तोच रस्ता पुन्हा खोदणार का, हे प्रश्न आधी येतात. त्यांची उत्तरं काम सुरू होण्याआधी शोधण्याचं शास्त्र म्हणजे प्रकल्प व्यवस्थापन.

प्रकल्प कशाला म्हणायचं?

ज्याला सुरुवात आणि शेवट आहे आणि ज्यातून काही ठरावीक गोष्ट तयार होणार आहे, ते काम म्हणजे प्रकल्प. गल्ली रोज झाडणं हे नित्याचं काम, पण त्या गल्लीत नवी लाइन टाकणं हा प्रकल्प. काम किती (म्हणजे स्कोप), वेळ किती आणि पैसा किती, या तीन गोष्टी एकमेकींना बांधलेल्या असतात. मध्येच ‘आणखी दोन गल्ल्या घ्या’ असं ठरलं, तर तारीख किंवा खर्च हलणारच. ते कागदावर न आणता काम वाढवत नेलं की प्रकल्प रखडतो.

इंदूरचा जुना धडा

शंभर वर्षांपूर्वी शहरात प्लेगची भीती होती. होळकर दरबाराने स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांना बोलावलं. त्यांचा दोन खंडांचा अहवाल १९१८ मध्ये प्रसिद्ध झाला. जुनी वस्ती सरसकट पाडून रुंद रस्ते काढायला त्यांचा विरोध होता. आधी पायी फिरून पाहणी करायची, रोग ओळखायचा आणि मग गरजेपुरतीच ‘शस्त्रक्रिया’ करायची, ही त्यांची रीत.

त्यांच्या चरित्रकारांनी दिवाळीच्या मिरवणुकीची हकिकत सांगितली आहे. मिरवणूक नेहमीच्या वाटेने न जाता, ज्या रस्त्यांवरची घरं सर्वांत जास्त स्वच्छ आणि दुरुस्त केलेली असतील तिथूनच जाईल, असं गेडिस यांनी जाहीर केलं. लोकांनी घरं झाडली, कचरा काढला. मिरवणुकीत प्लेगच्या उंदराची मोठी प्रतिमा होती आणि सफाई कामगारांना मानाचं स्थान होतं.

आजच्या भाषेत बोलायचं तर स्कोप स्पष्ट होता, डेडलाइन दिवाळीची म्हणजे न हलणारी होती, काम मोजायची खूण सर्वांना दिसत होती आणि ज्यांच्यासाठी काम होतं तेच त्यात सामील होते. पुढे १९१९ मध्ये गेडिस मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले.

मुख्य पद्धती

*वॉटरफॉल :* एक टप्पा संपला की दुसरा. पाहणी, आराखडा, खोदाई, पाइप, चाचणी, मग रस्ता. गटाराचा उतार चुकला आणि वर काँक्रीट पडलं तर मागे फिरता येत नाही. म्हणून बांधकामात ही पद्धत अजून टिकून आहे.

*गँट चार्ट आणि क्रिटिकल पाथ :* हेन्री गँट यांचे आडव्या पट्ट्यांचे तक्ते १९१० च्या दशकातले. क्रिटिकल पाथ आणि पर्ट या पद्धती १९५७-५८ च्या. कोणतं काम एक दिवस लांबलं तर सगळा प्रकल्प एक दिवस लांबतो, हे त्यातून कळतं. खोदाई थांबली तर सगळं थांबतं. घरमालकांना नोटिसा देण्याचं काम मात्र शेजारी चालू राहू शकतं.

*अजाईल :* २००१ मध्ये १७ सॉफ्टवेअर तज्ज्ञांनी याचा जाहीरनामा लिहिला. थोडं करायचं, वापरणाऱ्याला दाखवायचं, सुधारायचं. स्क्रम या प्रकारात काम ‘स्प्रिंट’ नावाच्या, जास्तीत जास्त एका महिन्याच्या तुकड्यांत होतं. तक्रार नोंदवायच्या अ‍ॅपसाठी हे उत्तम, पण जमिनीखालच्या पाइपासाठी एकटं पुरत नाही. म्हणून पुष्कळ ठिकाणी दोन्हींचा मेळ घालतात.

मानकं कोणती?

अमेरिकेतली पीएमआय ही संस्था १९६९ ची. तिच्या ‘पीएमबॉक’ मार्गदर्शिकेच्या २०२१ च्या सातव्या आवृत्तीत टप्प्यांच्या यादीपेक्षा १२ तत्त्वांवर भर आहे. ब्रिटनमधून आलेली ‘प्रिन्स टू’ १९९६ ची. हा प्रकल्प अजूनही करण्याजोगा आहे का, असा प्रश्न ती प्रत्येक टप्प्यावर विचारायला लावते. आंतरराष्ट्रीय पातळीवर आयएसओ २१५०२ (२०२०) आहे, तर आपल्याकडे बांधकाम प्रकल्पांसाठी भारतीय मानक ब्युरोचं आयएस १५८८३.

मानक आणि प्रमाणपत्र यांत गल्लत करू नये. मानक कामाची रीत सांगतं, प्रमाणपत्र माणसाची परीक्षा घेतं. पीएमआयच्या पीएमपी परीक्षेला प्रत्यक्ष प्रकल्पांचा अनुभव आणि ३५ तासांचं प्रशिक्षण लागतं. नवख्यांसाठी त्याच संस्थेची सीएपीएम आहे, तिला अनुभवाची अट नाही. अटी आणि शुल्क बदलत असतात, म्हणून क्लासच्या जाहिरातीवर न जाता संस्थेच्या संकेतस्थळावर खात्री करूनच पैसे भरावेत.

शेवटी कसोटी गल्लीतच

इंदूरने नदी-नाल्यांत थेट पडणारी हजारो सांडपाण्याची तोंडं बंद केली आणि २०२१ मध्ये देशातलं पहिलं ‘वॉटर प्लस’ शहर ठरलं. एवढं काम फक्त यंत्रांनी होत नाही. घरोघरची जोडणी बदलायची तर दार वाजवावं लागतं आणि आतल्या माणसाला पटवावं लागतं.

म्हणून आपल्या गावात, मग ते कोणत्याही राज्यात असो, कामाचा फलक लागला की चार गोष्टी विचाराव्यात : काम नेमकं किती, संपणार कधी, खर्च किती आणि अडचण आली तर जबाबदार कोण. कोणतीही पद्धत वापरली असली तरी या चारांची उत्तरं तयार असायलाच हवीत. ती मिळत नसतील, तर भिंतीवरचा रंगीत तक्ता नुसता शोभेचा आहे असं समजावं.