सॉफ्टवेअर आलं, ड्रॉइंग बोर्ड सुटेना : किर्लोस्करवाडी ते कोयना

आजचा भाग कारखान्यांच्या इतिहासाचा आहे आणि तो आपल्याच भागातला आहे.

साताऱ्याच्या किंवा सांगलीच्या एमआयडीसीत एखाद्या डिझाइन विभागात डोकावलात, तर त्रिमितीय मॉडेल करणारं महागडं सॉफ्टवेअर दिसेल. काम मात्र अनेकदा जुन्याच वळणाने चाललेलं असतं. मी अशा एका विभागात काही वर्षं काढली. गिअरबॉक्सच्या हाउसिंगचं मॉडेल व्हायचं, पण शॉपवर जाणारं ड्रॉइंग वेगळं, एकेक रेष ओढून काढलं जायचं. मॉडेलमध्ये माप बदललं की ड्रॉइंग आणि जुळणी आपोआप बदलते, ही या सॉफ्टवेअरची खरी ताकद. तीच बंद ठेवलेली! एकदा भोकांमधलं अंतर मॉडेलमध्ये बदललं, ड्रॉइंगमध्ये तसंच राहिलं, आणि चार हाउसिंग भंगारात गेली. दुसऱ्या दिवसापासून पुन्हा तेच.

माझे सहकारी आळशी नव्हते, अडाणी तर अजिबातच नव्हते. मग असं का? त्यासाठी थोडं मागे जाऊ.

लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या व्हीजेटीआयमध्ये, यांत्रिक ड्रॉइंग शिकवायचे. पुढे बेळगावात त्यांनी लोखंडी नांगर तयार केला. लोखंडाने जमिनीत विष भिनतं, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. जवळपास दोन वर्षं नांगराला गिऱ्हाईक मिळालं नाही. आपण या गोष्टीला हसतो. पण शेतकऱ्याच्या बाजूने बघा. नांगर फसला तर हंगाम त्याचा जाणार, सल्ला देणाऱ्याचा नाही. त्या दोन वर्षांत न विकलेल्या मालाचा भार मात्र लक्ष्मणरावांनी स्वतः सोसला. पुढे 1910 मध्ये औंधच्या राजांनी दिलेल्या जागेवर, कुंडल रोड स्टेशनजवळ, किर्लोस्करवाडी उभी राहिली. औंध आज सातारा जिल्ह्यात आहे आणि किर्लोस्करवाडी सांगलीत.

आता फाउंड्रीत जाऊ. ड्रॉइंगवर तयार वस्तूचं माप असतं. पण ओतलेलं बीड थंड होताना साधारण एक टक्का आक्रसतं. म्हणून पॅटर्नमेकर लाकडाचा साचा त्या हिशोबाने मोठा करतो. मशीनिंगसाठी कुठे किती जादा ठेवायचं, साचा वाळूतून सुटावा म्हणून कुठे उतार द्यायचा, हेही तोच ठरवतो. यातलं बरंचसं कागदावर नसतं, त्याच्या हातात असतं. ड्रॉइंग ऑफिसमधला जुना माणूसही तसाच. कुठली मिती शॉपला खरोखर लागते, हे त्याला तोंडपाठ.

ऑटोकॅड 1982 च्या डिसेंबरमध्ये बाजारात आलं तेव्हा या माणसाचं फारसं बिघडलं नाही. टी-स्क्वेअर गेला, माउस आला, रेष तीच राहिली. 1988 मध्ये प्रो-इंजिनिअर आणि 1995 मध्ये सॉलिडवर्क्स आलं, तेव्हा प्रश्न बदलला. आता आक्रसण्याचा हिशोब, उतार, एका मापाचं दुसऱ्याशी नातं हे सगळं फाइलमध्ये घाला, असं सांगणं सुरू झालं. म्हणजे पंचवीस वर्षांत जे कमावलं ते फाइलमध्ये ठेवायचं आणि ती फाइल कालच कॉलेजातून आलेला पोरगा उघडणार. चूक निघाली तर सही मात्र जुन्या माणसाची! मग तो सॉफ्टवेअर अर्धंच वापरतो. त्याच्या जागी तुम्ही असता तर काय केलं असतं?

पण या अर्धवटपणाची किंमत असते. जुनी पद्धत नव्या यंत्रावर चालवली तर जुन्या पद्धतीला जे दिसत नव्हतं, ते नव्या यंत्रालाही दिसत नाही.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण सातारा जिल्ह्यातलंच आहे. कोयना धरण, उंची 103 मीटर. भूकंपाचं बळ म्हणून धरणाच्या वजनाच्या 5 टक्के आडवा जोर धरायचा, या तेव्हाच्या प्रचलित पद्धतीने त्याचा आराखडा झाला होता. त्यात धरण जणू ताठ ठोकळा मानलं जायचं. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे भूकंप झाला. धरण टिकलं, पण वरच्या भागात, जिथे मागच्या बाजूचा उतार एकदम बदलतो त्या पातळीच्या आसपास, आडव्या भेगा पडल्या. पुढे आधारभिंती बांधून ते मजबूत करावं लागलं. बर्कलीच्या अनिल चोप्रा आणि चक्रवर्ती यांनी 1973 मध्ये फायनाइट एलिमेंट पद्धतीने, कॉम्प्युटरवर, धरण हलताना कसं वाकतं ते मांडलं. काँक्रीटला न पेलणारा ताण नेमका त्याच वरच्या भागात येतो, असं त्यातून दिसलं. जुन्या हिशोबात तो दिसायची सोयच नव्हती. धरणाच्या अभियंत्यांना दोष द्यायचं कारण नाही. त्यांच्या हाती तेव्हा होती ती पद्धत त्यांनी वापरली.

गंमत पुढे आहे. अबॅकस नावाचं अभियांत्रिकी सॉफ्टवेअर जगभर वापरलं जातं. त्याच्या माहितीपुस्तकात काँक्रीट धरणाच्या भूकंप विश्लेषणाचं जे उदाहरण दिलंय, ते कोयनेचंच. म्हणजे परदेशातली मुलं आपलं धरण सोडवून सॉफ्टवेअर शिकतात, आणि त्याच जिल्ह्यात आपण अशी साधनं रेषा ओढायला वापरतो.

यावर उपाय सक्तीचा नाही, असं मला वाटतं. फर्मान काढलं की लोक वरवर मॉडेल करतात आणि खाली ड्रॉइंग वेगळं काढतात. त्यापेक्षा एकच पार्ट घ्यावा. पॅटर्नमेकरला शेजारी बसवून त्याचा हिशोब मॉडेलमध्ये भरावा, त्यावर त्याचं नाव टाकावं, आणि पहिला नमुना बिघडला तर खर्च मालकाने सोसावा. लक्ष्मणरावांनी शेतकऱ्याला जोखीम घ्यायला लावण्याआधी स्वतःची दोन वर्षं घातली होती. आपले साहेब निदान दोन महिने घालायला तयार आहेत का?

तुमच्या शॉपवर काय चाललंय, जरूर कळवा. भेटू पुढच्या भागात.