387 पैकी 309

विजय सॅम्युअल हजारे यांचा जन्म 11 मार्च 1915 रोजी सांगलीत, एका ख्रिस्ती शिक्षकाच्या घरी झाला. भावंडे आठ. सांगली तेव्हा पटवर्धनांचे संस्थान होते. विलीनीकरणानंतर 1949 मध्ये ती दक्षिण सातारा जिल्ह्यात आली आणि जिल्ह्याला सांगली हे नाव 1960 मध्ये मिळाले. त्यामुळे हजाऱ्यांच्या बालपणाचा माग घ्यायचा तर साताऱ्याआधी संस्थानी दप्तर पाहावे. पुढचा सगळा पुरावा मात्र धावपत्रकांत आहे.

त्यांतले एक पत्रक मी पुन्हा पुन्हा वाचतो. डिसेंबर 1943, ब्रेबॉर्न स्टेडियम, पंचरंगी सामन्यांची अंतिम लढत. हे संघ धर्मावर पाडलेले. हिंदू, मुसलमान, पारशी, युरोपियन आणि 1937 पासून 'रेस्ट', म्हणजे या चौघांत न बसणारे. ख्रिस्ती हजाऱ्यांची जागा तिथेच. त्याच मोसमात मुसलमानांविरुद्ध त्यांनी 248 केल्या होत्या. अंतिम सामन्यात विजय मर्चंट यांनी नाबाद 250 करून तो आकडा मागे टाकला; हिंदूंनी 5 बाद 581 वर डाव सोडला. रेस्ट सर्वबाद 133, त्यात हजारे 59. फॉलोऑननंतर 387, त्यात हजारे 309. सहाव्या गड्यासाठी 300 धावांची भागीदारी झाली. जोडीदार धाकटा भाऊ विवेक, त्याच्या धावा 21. तरीही पराभव एक डाव आणि 61 धावांनी. दोन्ही डावांतल्या 520 पैकी 368 धावा एकट्याच्या! या डावाचे कौतुक चिकाटीसाठी होते, आणि ते रास्तच आहे. पण धर्माच्या चाळणीने त्यांच्यासोबत कोण उरले होते, तेही याच पत्रकात लिहिलेले आहे.

युद्धामुळे कसोटी पदार्पण लांबले. 1946 मध्ये लॉर्ड्सवर उतरले तेव्हा वय 31. जानेवारी 1948 मध्ये ॲडलेडला 116 आणि 145: एकाच कसोटीत दोन शतके करणारे ते पहिले भारतीय. दुसऱ्या डावात संघ 277, म्हणजे निम्म्याहून जास्त धावा पुन्हा त्यांच्याच. याच सामन्यात ब्रॅडमन 201 वर त्रिफळाचीत झाले. गोलंदाज हजारे.

फेब्रुवारी 1952 मध्ये मद्रासला इंग्लंडवर एक डाव आणि 8 धावांनी मात करून भारताने पहिला कसोटी विजय मिळवला. कर्णधार हजारे होते. शतके पंकज रॉय आणि पॉली उम्रीगर यांची, बारा बळी विनू मंकड यांचे.